बोली भरून ठेवताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गोष्ट १९८९ सालच्या दिवाळीच्या सुटीतली आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेले आम्ही चौघे जण नागपूरहून साकोलीच्या एसटीत बसलो. माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कॉलेजचा टेपरेकॉर्डर होता. पिशवीत सहा कॅसेटी, डझनभर सेल आणि आमच्या सरांनी सायक्लोस्टाइल करून दिलेली तीनशे शब्दांची यादी. काम सोपे वाटत होते. गावात जायचे, म्हाताऱ्या माणसांना बोलते करायचे आणि झाडीबोली टेपवर भरून आणायची. ‘भरून’ हाच शब्द आम्ही वापरत होतो, जणू कणगीत धानच भरायचे आहे!

झाडीबोली म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातली मराठी. आमच्या नागपूरच्या पश्चिमेला, वऱ्हाडात, डोळ्याचा ‘डोया’ होतो. पूर्वेला झाडीत गेलात की ‘डोरा’. ‘ण’ तर तिथे ऐकूच येत नाही, पाणी नाही, ‘पानी’. साकोलीच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केला, तिच्यासाठी आयुष्य वेचले. पण त्या सुटीत आम्हाला यातले फारसे ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होते ते एवढेच, की यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे एक रिकामी जागा आहे आणि ती भरायची आहे.

पहिल्याच घरी ठेच लागली. ओसरीवर बसलेल्या आजोबांनी हात जोडले. म्हणाले, “आमची कायची भाषा, बापू! शुद्ध बोलनारा पायजे तर गुरुजीकडे जा.” गुरुजींकडे गेलो. गुरुजी पाठ्यपुस्तकासारखे बोलले. तिसऱ्या घरी एक आजी तयार झाल्या. मी बटण दाबले, स्वतःच्या डोळ्याकडे बोट केले आणि विचारले, “याला काय म्हणता?” आजी सावरून बसल्या, पदर नीट केला आणि एकेक अक्षर जपून म्हणाल्या, “डो-ळा.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. बटण बंद केले. तेवढ्यात त्यांचा नातू धावत येऊन आमच्या पिशवीला अडखळला आणि आजी कडाडल्या, “डोरे फुटले का रे?” शब्द मिळाला, पण टेप बंद होती.

नंतर सगळ्याच घरी असे होत गेले. यंत्र सुरू असले की माणसे शाळेत बसल्यासारखी बोलत, यंत्र मिटले की घरी आल्यासारखी. आमच्यातल्या एकाने यावर युक्ती काढली. टेप बंद केल्याचे नाटक करायचे आणि टॉवेलाखाली ती चालूच ठेवायची. एक अख्खी बाजू अशी भरली. सुनेबद्दलच्या तक्रारी, शेजारच्या बांधावरचे भांडण, आणि त्या ओघात काय एकेक शब्द! नागपूरला परतल्यावर सरांनी ती कॅसेट ऐकली, ती कशी मिळवली हे विचारले आणि आमच्यासमोर पुसून टाकली. “त्या बाईने हे तुम्हाला दिलेले नाही,” एवढेच म्हणाले. मला त्या दिवशी सरांचा फार राग आला होता. आज पटते, पण पुसलेल्या त्या अर्ध्या तासाची हळहळ अजून गेलेली नाही, हेही खरेच सांगतो.

यादीचा घोटाळा वेगळाच होता. ती कुठल्याशा पुस्तकावरून केलेली असावी. तिच्यात मोट होती, ज्वारी होती, भाकरीचे चार प्रकार होते. आणि आम्ही उभे होतो तलावांच्या आणि धानाच्या मुलखात. एक बाई आमची यादी ऐकून ऐकून कंटाळल्या आणि म्हणाल्या, “धानाचं काईच नाई विचारत तुमी?” मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा म्हणजे बांधी, छोटा तलाव म्हणजे बोडी, मग रोवणी, आणि रोवणीच्या वेळची गाणी. यादीला तिच्यासाठी जागाच नव्हती. आम्ही पाठकोऱ्या कागदांवर लिहीत सुटलो. माझ्या मते त्या सुटीतली खरी कमाई ते पाठकोरे कागदच होत.

हे काम आपल्याकडे नवे नाही. नागपुरात १८४५ साली आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने परधानांच्या तोंडून गोंडांचे लिंगोचे गीत उतरवून घेतले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या ओढ्याच्या पुरात तो बुडाला आणि त्याचे कागद सर रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. पुढे ग्रिअर्सनने सगळ्या हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली. मराठीचा खंड १९०५ चा. त्यात बोलींच्या नमुन्यासाठी बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट सांगायला लावली, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. तुलनेला ते सोयीचे, यात शंका नाही. पण नमुने गोळा केले सरकारी अंमलदारांमार्फत. साहेबाच्या कचेरीत उभा राहून कोणता शेतकरी ‘डोरे फुटले का’ म्हणेल?

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे घर कामठीचे, विणकराचे. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत आझमगड, बनारस, अलाहाबाद या भागांतले मोमीन विणकर घरदार सोडून निघाले. कोणी बुऱ्हाणपूरला थांबले, कोणी मालेगावला, कोणी भिवंडीला. काही कामठी-नागपूरला आले. माझ्या दादीचे आजोबा मऊहून आले. त्यांनी बरोबर काय आणले असेल? हातातले कसब आणि तोंडातली बोली. आमच्या घरात तिला ‘पुरबी’ म्हणत. दादी उद्याला ‘बिहान’ म्हणायची, पहाटेला ‘भिनसार’. ‘मी येईन’ म्हणायचे तर ‘हम आइब’. मी मदरशात आणि शाळेत उर्दू शिकलो, गल्लीत आणि मैदानावर नागपुरी मराठी. कविता मराठीत का लिहितो, असे मला पुष्कळ जण विचारतात. जिच्यात भांडायला शिकलो तिच्यात लिहितो, असे मी सांगतो. पण जिच्यात मला कोणी झोपवले, ती भाषा पुरबी होती.

साकोलीहून परतलो त्या रात्री मी दादीला टेप ऐकवली. ती खुदुखुदु हसली. तिला त्या आजींचे बोलणे कळले नाही, पण आवाज कळला. मग म्हणाली, “हमार बोली न भरबा एमें?” माझी बोली नाही भरणार का यात? एक कॅसेट कोरी होती. सेलही शिल्लक होते. आणि मी, भाषेच्या कामावरून नुकताच परतलेला विद्यार्थी, तिला म्हणालो, “दादी, ये कोई बोली थोड़े है, बिगड़ी हुई उर्दू है.” दादी काही बोलली नाही. तिने तिच्या मांडीवरचा टेपरेकॉर्डर टॉवेलात नीट गुंडाळून मला परत दिला.

साकोलीच्या आजोबांना ‘आमची कायची भाषा’ म्हणताना ऐकून मला वाईट वाटले होते, हे लक्षात घ्या. १९९३ मध्ये दादी गेली. तिचा एक शब्दही माझ्यापाशी तिच्या आवाजात नाही.

मध्यंतरी अमेरिकेतल्या टेक्सासबद्दल वाचले. तिथे १८४० च्या दशकात जर्मन लोक येऊन वसले. न्यू ब्राउनफेल्स, फ्रेडरिक्सबर्ग ही त्यांची गावे. घरी, चर्चमध्ये, वर्तमानपत्रात जर्मन. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रूची भाषा झाली, १९१८ मध्ये शाळांतून तिला बंदी आली, आणि आईबापांनी मुलांशी इंग्रजी बोलायला सुरुवात केली. २००१ साली तिथल्या विद्यापीठातल्या हान्स बोआस या प्राध्यापकाने ती बोली ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प काढला. विद्यार्थी म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसू लागले. साठच्या दशकात ग्लेन गिल्बर्ट या अभ्यासकाने जे शब्द आणि वाक्ये विचारली होती, तीच पुन्हा विचारली. मधल्या चाळीस वर्षांत काय बदलले ते त्यामुळे दिसले. या लोकांच्या पूर्वजांनी जर्मनीत स्कंक हा दुर्गंध सोडणारा प्राणी पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी शब्द जुळवला, ‘श्टिंककात्से’, म्हणजे घाणेरडा वास मारणारी मांजर. विमानाला म्हणू लागले ‘लुफ्टशिफ’, हवेतले जहाज. आपले हिंदीतले ‘हवाई जहाज’च की!

हे वाचताना मला एकदम दादीची चूल दिसली. ती म्हणायची, “पऱ्हाटी ले आव, चूल्हा जराइब.” पऱ्हाटी! कापसाच्या वाळक्या झाडाला हा शब्द मऊचा नाही, तो विदर्भाचा. आमच्या मागावर धागा घेऊन धावणारी ‘ढरकी’ कोष्टी शेजाऱ्यांच्या सहवासात कधी ‘धोटा’ झाली, कोणालाच कळले नाही. ज्याला मी बिघडलेली उर्दू म्हणालो, तिच्यात शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास आणि शेजार साठवलेला होता. जनगणनेच्या कागदावर मात्र आमच्या घराची मातृभाषा दर वेळी ‘उर्दू’. लिहिणाऱ्याने विचारले, अब्बांनी सांगितले, दोघांचेही चुकले नाही.

माझी पुतणी सध्या भाषाविज्ञानात एम.ए. करते. तिने मला संगणकावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेले मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण दाखवले. डॉ. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या देखरेखीखाली तरुण अभ्यासक जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले. नुसती यादी वाचून दाखवायची नाही, तर छोट्या चित्रफिती दाखवायच्या आणि काय घडले ते सांगायला लावायचे. माणूस सांगण्याच्या नादात लागला की व्याकरण आपोआप बाहेर येते. नात्यांचे शब्द विचारायचे, एखादी गोष्ट किंवा आठवण सांगायला लावायची. बाई आहे की पुरुष, वय काय, शिक्षण किती, हेही नोंदवायचे. ते सारे आता कोणालाही घरबसल्या ऐकता येते. मी तिथे विदर्भातले आवाज बराच वेळ ऐकत बसलो. नागपूरबाहेर ज्याला हसतात, ते आमचे ‘करून राहिलो’, ‘येऊन राहिलो’ तिथे मानाने बसलेले आहे.

पुतणीने आता घरची पुरबी हाती घेतली आहे. टॉवेल नाही, सेल नाहीत. मोबाइल आणि त्याला लावलेला करंगळीएवढा माइक. ती आधी उर्दूत लिहिलेला कागद वाचून दाखवते. हे ध्वनिमुद्रण कशासाठी, कोण ऐकणार, नको वाटले तर केव्हाही पुसता येईल. त्यानंतरच सुरुवात. आमच्या सरांची आठवण होते. मात्र एका तासाचे बोलणे ऐकून ऐकून कागदावर उतरवायला तिला पंधरवडा लागतो. भाषेचे काम म्हणजे गावोगाव हिंडणे, असे ज्यांना वाटते त्यांनी तिची पाठदुखी पाहावी.

गेल्या महिन्यात ती माझ्या फुफीकडे गेली. मीही गेलो. फुफी सत्त्याऐंशीची आहे. माइक लागताच फुफी रेडिओवरच्या निवेदिकेसारखी खणखणीत उर्दू बोलू लागली. मला हसू आवरेना. पुतणी मात्र शांत बसली. मग तिने मागाच्या सुट्या भागांची चित्रे काढून समोर ठेवली. फुफीने चष्मा लावला. म्हणाली, “ई तो राछ हौ. ई नरी.” आणि मग थांबलीच नाही. अब्बांचा माग, दादीची नळ्या भरण्याची घाई, ईदच्या आधीच्या रात्री रॉकेलच्या दिव्यात चाललेले काम. दीड तास. मध्ये कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, त्याही त्यात भरल्या गेल्या.

एक गोष्ट मात्र अडली. थान मागावरून उतरले, की ताण्याची टोके शिल्लक राहतात. वीतभर धाग्यांचा तो जुडगा दादी फेकू देत नसे, उशांत भरायची. त्या जुडग्याला ती एक शब्द म्हणायची. मला ती उशी आठवते, तिची खरखर गालाला आठवते. शब्द आठवत नाही. फुफीने डोळे मिटले, दोन-तीनदा ओठ हलवले, मग मान हलवली. पुतणीच्या यादीत त्या ओळीपुढची जागा रिकामी आहे.

कामठीत बुनकर वस्तीत एक बाई आहेत, फुफीहूनही मोठ्या. त्यांना ठाऊक असेल, असे फुफी म्हणते. त्या दुपारी झोपतात आणि त्यांना कानाने कमी ऐकू येते, तेव्हा असरच्या नमाजानंतर या, असा निरोप आला आहे. येत्या शुक्रवारी आम्ही दोघे जाणार आहोत. पुतणीने उशीचे चित्र काढून ठेवले आहे.