मानापमान बाजूला ठेवून



सिल्व्हर पार्कसारख्या वस्तीत संगीत नाटक बसवायचे, तर चार गावची माणसे एकत्र येतात आणि भूमिकावाटपातच मानपान आडवा येतो. अशा वेळी ८ जुलै १९२१ हा दिवस आठवावा. टिळक स्वराज्य फंडासाठी त्या दिवशी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांचे ‘संयुक्त मानापमान’ झाले. ललितकलादर्श व गंधर्व नाटक मंडळी या एरवीच्या प्रतिस्पर्धी. तरी केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी.

अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वारले. दोघे मानासाठी अडून बसते, तर तो योग कायमचा हुकला असता. तेव्हा भूमिका लहान की मोठी हे न पाहता सर्वांनी तालमीला वेळेवर यावे.