बारावीत गुण कमी, तरी डॉक्टर?

बारावीला साठच्या आत टक्के आले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘मेडिकल विसरा आता.’ एवढी घाई नको. एमबीबीएससाठी बारावीचे गुण पात्रतेपुरतेच लागतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय मात्र हवेत. गुण कमी पडत असतील, तर बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. प्रवेशाची यादी लागते ती ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तराला ४, चुकलं की १ वजा. अंदाजपंचे गोळे काळे करणारा तिथेच मागे पडतो.

नीटमध्येही गाडी अडली, तर बीएएमएस, बीएचएमएसचे प्रवेश त्याच गुणांवर होतात. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी.

आणि परदेश? ‘तिकडे नीट लागत नाही,’ असं सांगणारा एजंट साफ खोटं बोलतो. भारतात व्यवसाय करायचा, तर नीट पात्रता हवीच. शिवाय किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप, आणि परतल्यावर ३०० पैकी १५० गुणांची चाळणी परीक्षा. बयाणा देण्याआधी अभ्यासक्रमाचे महिने आणि शिकवण्याची भाषा थेट विद्यापीठाकडून लेखी मागवा.