चित्रीकरणाचा परवाना आणि कामगाराचा करार



मुंबईच्या रस्त्यावर चित्रीकरण करावयाचे तर निर्मात्याला पोलीस, वाहतूक शाखा, महापालिका असे अनेक उंबरठे झिजवावे लागत. ही पायपीट वाचावी म्हणून गोरेगावच्या चित्रनगरीचा कारभार पाहणाऱ्या महामंडळामार्फत राज्य शासनाने एक खिडकी योजना आणली. विलंबाला व चिरीमिरीला आळा घालू पाहणाऱ्या या सुधारणेचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु त्याच रस्त्यावर रात्रभर दिवे वाहणाऱ्या कामगारासाठी कोणती खिडकी उघडली? लेखी कराराविना चित्रपट कामगाराला कामावर घेण्यास संसदेने १९८१ साली कायद्याने मनाई केली. २०२० च्या श्रमसंहितेने कराराची ही अट जाहिराती व मालिकांतील कामगारांनाही लागू केली. तथापि, उद्याचे काम जाईल या भीतीने एकटा कामगार करार मागण्यास धजत नाही.

रस्ता मात्र जनतेचा आहे. तो वापरण्यास देताना अटी घालण्याचा अधिकारही जनतेचाच. म्हणून करारपत्रांच्या प्रती अर्जासोबतच घेतल्या जाव्यात आणि चित्रीकरणासाठी पदपथावरून हटविलेल्या फेरीवाल्याची बुडालेली रोजी निर्मात्याच्या अनामत रकमेतून भरून द्यावी.

यात परवाने अडविण्याचा हेतू नाही. चित्रीकरण थांबले तर पहिली चूल कामगाराचीच विझते. परवाना लवकर मिळावा, पण श्रमिकाचा हक्क त्यावर नोंदलेला असावा. ही मागणी कामगार संघटनांनी रस्त्यावर आणि नगरसेवकांनी सभागृहात लावून धरली पाहिजे.