तेल, पाणी आणि मजुरी



आम्ही कामगार संघटनेची माणसे. आम्ही संपावर बोलू अशा अपेक्षेने आपण आला असाल. बोलणार आहोत मलमावर. परंतु मलमाच्या डबीतही मजुरीचा प्रश्न असतो, आणि तो सोडविण्यासाठी आम्हांला उतारवयात रसायनाची पुस्तके उघडावी लागली.

तेल आणि पाणी यांचे जमत नाही, हे घरोघर ठाऊक आहे. तरी दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे बारीक थेंबच. अशा मिश्रणाला शास्त्रीय मराठीत पायस म्हणतात. कारखान्यात सारे इमल्शनच म्हणतात. थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती तिसऱ्या पदार्थाचे कवच लागते : डिंक, सोयाबीनचे लेसिथिन किंवा साबण. शिवाय थेंब बारीक हवा. त्रिज्या अर्धी केली की थेंब वर येण्याचा वेग चौथाईवर येतो.

जुन्या औषधशाळांत एरंडेलाचे पायस खलात करीत. तेल ४ भाग, पाणी २, डिंक १. कोरड्या खलात डिंक तेलात घोटायचा, मग ते पाणी एकदम ओतायचे आणि न थांबता घोटत राहायचे. मिश्रण पांढरे होऊन चटचट वाजू लागले की मूळ पायस साधले. जास्तीचे पाणी त्यानंतर थोडे थोडे. हा आवाज कानाने ओळखणाऱ्याला आमच्याकडे हजेरीपटावर ‘अकुशल’ म्हणतात!

स्कॉटलंडमधील कॅरन येथील लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या कामगारांना जवसाचे तेल व चुन्याची निवळी समभाग हलवून लावीत. त्यावरून त्याला कॅरन ऑइल हे नाव पडले. आता तो उपचार मागे पडला. त्यात चुना तेलातील आम्लांशी मिळून चुन्याचा साबण होतो, आणि तो तेलात पाण्याचे थेंब धरतो. पोटॅशचा साबण याच्या उलट, पाण्यात तेलाचे थेंब धरतो. हा फरक ध्यानात असू द्यावा. आमचे भांडण त्यावरच झाले.

२००९ च्या उन्हाळ्यात एका कारखान्यात तिळाच्या तेलाचे क्रीम फुटू लागले. ‘ढवळण्यात हयगय’ म्हणून रात्रपाळीच्या चौघांच्या पगाराला कात्री लागली. १९३६ च्या वेतन कायद्याप्रमाणे अशा कपातीपूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकणे मालकावर बंधनकारक होते. ती संधी आम्ही मागून घेतली आणि उत्पादनाची वही चाळली. तेच हात, दोन्ही भांड्यांत तेच ७० ते ७५ अंश तापमान, ढवळण्याचा वेळही तोच. हिवाळ्यातला माल मात्र शाबूत. बदलले होते पाणी. कूपनलिकेचे क्षारयुक्त जड पाणी येत होते आणि ते मृदू करणारे यंत्र बंद होते. पोटॅशच्या साबणाचा चुन्याचा साबण होऊन थेंबांचे कवचच जात होते. आमची मागणी एवढीच की, त्याच चौघांना शुद्ध पाण्यात तेच क्रीम करू द्या. त्यांनी केले. ते फुटले नाही.

कपात परत मिळाली. यंत्राच्या दुरुस्तीला आणखी दोन महिने लागले. तोवर शुद्ध पाण्याचे कॅन ते चौघेच खांद्यावरून आणीत, आणि त्या हमालीची नोंद हजेरीपटात कुठेच झाली नाही.