बामणोली ते तापोळा



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'मे महिन्यातली आपली सहल'. आम्ही सहा जण गेलो होतो. फोटो तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर पाहिलेच आहेत. त्या फोटोंत मधोमध हिरवं नऊवारी नेसलेल्या एक आजी दिसतात. "या कोण?" असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. त्या आपल्या एका वर्गमित्राच्या आई. तो इथे तिसऱ्या रांगेतच बसलाय आणि त्याला विचारूनच मी हे बोलतेय.

आधी सहलीचं सांगते. साताऱ्याहून सकाळी सातला जीपने निघालो. कासच्या पठारावरून, म्हणजे मे महिन्यात नुसत्या काळ्या कातळावरून, घाट उतरून नऊच्या सुमारास बामणोलीला पोचलो. तिथून लाँचने तापोळा. जीवरक्षक जाकिटं घातली आणि लाँच सुटली. सरळ गेलं तर साधारण तासाभराचा प्रवास. आम्हाला अडीच तास लागले, कारण घाई कुणालाच नव्हती. पिशवीत करवंदं होती, डब्यात दशम्या होत्या, आणि मोबाइलला रेंज नव्हती हे फारच बरं झालं.

सर, तुम्ही आम्हाला भूगोलात कोयना शिकवली. महाबळेश्वरला उगम, कराडला कृष्णेशी संगम. कोयनानगरचं धरण, त्याचा शिवसागर जलाशय, ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला पोफळीला उतरतं, त्यावर वीज होते आणि पुढे वाशिष्ठीतून समुद्राला जातं. आकृती काढून नावं देण्याचा प्रश्न हमखास यायचा. उत्तराच्या शेवटी आम्ही 'म्हणून कोयनेला महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात' हे वाक्य लिहायचो. ते खरंच आहे. त्याच विजेच्या दिव्याखाली आम्ही अभ्यास केला.

बाई, तुम्ही आठवीत 'माझे गाव' हा निबंध दिला होता. सगळ्यांनी आपापली गावं लिहिली, देऊळ, ओढा, जत्रा. आपल्या या मित्राने पोवई नाका, राजवाडा आणि अजिंक्यतारा लिहिला. मे महिन्याच्या सुट्टीत सगळे गावाला जायचे, तो साताऱ्यात चुलत्यांकडेच असायचा. वडील मुंबईत माथाडी कामगार, म्हणून तसं असेल, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. त्याला गाव होतं. ते त्याच्या जन्माआधीच पाण्याखाली गेलं होतं.

त्याच्या आई आता 82 वर्षांच्या आहेत. लग्न होऊन त्या गावात आल्या तेव्हा सोळाच्या होत्या. चार-पाच वर्षांत धरणाचं पाणी चढलं. वस्ती विखुरली. काही घरं दूर नव्या गावठाणात गेली, काही तिथेच डोंगराच्या अंगाला वर सरकली, काही मुंबईला. त्यानंतर काकू या पाण्यावर कधी आल्या नव्हत्या. सहलीचं ठरलं तेव्हा त्यांनी लेकाला एवढंच विचारलं, "गाडीत जागा हाय का एक?"

लाँच निघाल्यावर त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मे महिना असल्याने पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाला उघड्या तांबड्या मातीचा पट्टा दिसत होता आणि त्यात मध्येच जुन्या शेतांच्या ताली, दगडांच्या रांगा. आम्हाला ते सगळं सारखंच दिसत होतं. मी विचारलं, "काकू, एवढ्या पाण्यात जागा कशी ओळखणार?" त्या म्हणाल्या, "गाव बुडालं, पर डोंगर कुठं बुडल्यात?"

मग त्या डोंगर पाहून सांगू लागल्या. या सोंडेच्या खाली आमची वाडी. त्या घळीतून ओढा यायचा. एका ठिकाणी त्यांनी लाँचवाल्याला हात केला, "सावकाश घे रं बाबा." त्याने इंजिनच बंद केलं. आवाज थांबला आणि लाँच नुसती डुलत राहिली. "हितं आमचा उंबरा," काकू म्हणाल्या. लेकाने पाण्यात पाहिलं. त्याने 58 वर्षांत पहिल्यांदा आपलं गाव पाहिलं आणि त्याला दिसलं ते हिरवट पाणी. काकूंनी पिशवीतून नारळ काढून सोडला आणि हात जोडले. आम्हीही जोडले. मग म्हणाल्या, "चला, दशम्या काढा, ऊन झालंय."

तापोळ्याला पिठलं-भाकरी खाऊन आम्ही धक्क्यावर सावलीला बसलो. तिथे पर्यटकांची गर्दी होती. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही नद्यांचं पाणी या भागात एकत्र येतं, त्याचे फोटो सगळे घेत होते. बाजूलाच दुसरी लाँच भरत होती. तीत तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या, एक म्हातारं माणूस आणि त्याच्या हातात दवाखान्याची पिशवी. ती मंडळी पलीकडच्या काठावरची. काकू त्यांच्यातल्या एका बाईशी बोलू लागल्या आणि पाच मिनिटांत दोघींचं नातं निघालं. काकूंचं माहेर पलीकडेच. धरणाआधी उन्हाळ्यात नदीत गुडघाभर पाणी असायचं. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन निघालं की नदी ओलांडून माहेरी, आणि दिवे लागायच्या आत परत. पाणी आल्यावर समोर दिसणारं माहेर लांब गेलं.

त्या बाई सांगत होत्या, रात्री कुणाचं दुखलंखुपलं, बाळंतीण अडली, की लाँच मिळेपर्यंत जीव टांगणीला. आम्ही ज्या प्रवासाला 'निवांत' म्हणत होतो तो त्यांचा रोजचा रस्ता आहे, आणि त्यांना तो निवांत नको आहे. तापोळ्याजवळ आता पुलाचं काम चालू आहे. पूल झाला की लाँचमधली मजा कमी होईल, अशी हळहळ आमच्यातल्याच एकाने व्यक्त केली. काकू त्याला म्हणाल्या, "बाबा, तू ये की लाँचनं. त्यास्नी जाऊ दे पुलावरनं."

परतताना ऊन कलतं होतं. काकू लेकाच्या खांद्याला टेकून झोपल्या. तो मात्र जागा होता आणि मघाच्या त्या सोंडेकडे बघत होता. नंतर मला म्हणाला, "आता नातवाला दाखवता येईल. डोंगर पाठ झालाय."

आता शेवटची गोष्ट. पुढच्या मे महिन्यात आपण पुन्हा जायचं ठरवलं आहे. या वेळी सगळे. पावसाळ्याच्या आधी जायचं, कारण पाणी उतरलेलं असतं आणि जुन्या ताली दिसतात. आपल्या वर्गात जावळी आणि पाटण खोऱ्यातली आणखी तीन-चार मुलं होती. तुमच्या घरात अजून कुणी डोंगर पाहून जागा सांगणारं असेल, तर त्यांना बरोबर आणा. लाँचमध्ये पहिली जागा त्यांची. सर, बाई, तुमच्यासाठीही जागा राखून ठेवली आहे. नावं जेवणानंतर माझ्याकडे द्या. आणि काकूंनी निरोप दिलाय की दशम्या त्याच करून आणणार आहेत.