फिट्स थांबल्या, पण मुलाच्या मनाचं काय?



माझ्या मुलाला अपस्मार आहे. औषधांनी फिट्स आटोक्यात आल्या. पण तो चिडचिडा झाला, रात्री जागू लागला. एकदा म्हणाला, “अम्मी, मी नसतो तर बरं झालं असतं.”

कुणी म्हणालं, वयच तसं आहे. कुणी म्हणालं, असर आहे, उतारा करा. मी हे सगळं मेंदूच्या डॉक्टरांना सांगितलं. अपस्मार असलेल्या मुलांमध्ये उदासी बऱ्याचदा आढळते आणि लेव्हेटिरासिटॅमसारख्या औषधानेही काही मुलं चिडतात, हे त्यांनी समजावलं. औषध बदललं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आज दोघे डॉक्टर मिळून त्याला पाहतात.

तुम्हाला एवढंच सांगते. फिटची तारीख लिहिता त्याच वहीत झोप, भूक, रडणं, चिडणंही लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. औषध स्वतःहून बंद करू नका. त्याने फिट्स बळावतात. मूल मरणाची भाषा बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा आपला हक्क आहे.

दुआ करूच. पण औषधाची वेळ चुकवायची नाही.