उराल ट्रक : ओझं वाहणाऱ्याची गोष्ट



गणेशोत्सवाच्या व्याख्यानात ट्रकचा विषय, याचं काहींना नवल वाटेल. पण आपण बुऱ्हाणपूरकर. दक्षिणेत उतरणाऱ्या मोगल फौजांचा तळ आपल्या गावात असे आणि त्या फौजांना धान्य पुरवत ते बंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे. ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रजांनी शिंद्यांकडून बुऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला, तेव्हाही तोफा ओढायला बैलच होते. इतिहासात तोफेचं नाव राहतं, बैलाचं राहत नाही. म्हणून आज गोष्ट सांगतो ती एका नव्या काळच्या बैलाची, रशियाच्या उराल ट्रकची.

१९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीपर्यंत आल्या, तेव्हा तिथल्या मोटार कारखान्याची यंत्रं उचलून पूर्वेकडे हलवली गेली. त्यातली काही उराल पर्वतातल्या मियास गावी पोहोचली आणि जुलै १९४४ मध्ये तिथून पहिला ट्रक बाहेर पडला. त्याच युद्धात अमेरिकेनं रशियाला स्टुडबेकर ट्रक मोठ्या संख्येनं दिले. सगळ्या चाकांना इंजिनाची ताकद मिळत असल्यानं ते चिखलातूनही निघत. प्रसिद्ध कात्यूशा रॉकेटं याच ट्रकांवर बसवलेली असत. रशियनांनी हा धडा नीट गिरवला आणि १९६१ पासून मियासला सहाचाकी ओढीचा उराल-३७५ बनू लागला.

त्याच्या ड्रायव्हरला केबिनमध्ये बसूनच टायरची हवा कमीजास्त करता येई. हवा कमी केली की टायर पसरतो आणि मऊ जमिनीत रुतत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीतून ट्रॅक्टर काढणाऱ्याला याचं मोल सांगायला नको. मात्र पेट्रोलवर चालणारं त्याचं १८० अश्वशक्तीचं इंजिन शंभर किलोमीटरला ५० लिटरच्या आसपास पेट्रोल पिई. १९७७ मध्ये डिझेलवरचा उराल-४३२० आला, तेव्हा कुठे हा दोष गेला. चांगल्या ट्रकला सुधारायलाही सोळा वर्षं लागली.

याच उरालवर ग्रॅड ही रॉकेटयंत्रणा बसली : ४० नळ्या, २० सेकंदांत ४० रॉकेटं, पल्ला सुमारे २० किलोमीटर. आपल्या तोफखान्यानंही ती घेतली. १९९९ च्या कारगिल युद्धात, दहा हजार फुटांहून उंच असलेल्या द्रास भागात, तिनं शत्रूच्या ठाण्यांवर मारा केला. ती रॉकेटं आपण टीव्हीवर पाहिली. त्यांना घाटरस्त्यांनी वर नेणारी चाकं कुणाच्या लक्षात राहिली?

त्याच युद्धात पुण्यात तयार झालेल्या पिनाकाचीही परीक्षा झाली. आज पिनाकाचे पॉड आपल्या शेजारी, भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बनतात. पण पिनाका ज्या टाट्रा ट्रकवर बसला, त्याचा आराखडा मूळ चेकोस्लोव्हाकियाचा. आपल्या जबलपूरला अनेक वर्षं बनलेला लष्कराचा शक्तिमानही जर्मन परवान्यावरचाच. दुसऱ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. रशियनही अमेरिकन ट्रकवरूनच शिकले. फरक इतकाच, की शिकल्यावर ते थांबले नाहीत. दोष शोधत राहिले, दुरुस्त करत राहिले.

हे काम हात काळे करणाऱ्या माणसांचं आहे. आपल्या घरांत मुलगा इंजिनिअर झाला की पेढे वाटतात. आयटीआयला जाऊन डिझेल मेकॅनिक व्हायचं म्हणाला की घर गप्प होतं. ही सवय आपण सोडली पाहिजे. साक्षात गणरायाचा भार वाहणाऱ्या मूषकाचीही आपण पूजा करतो. मग गाडी चालती ठेवणाऱ्या माणसाला मान द्यायला आपण का कचरावं?

गणपती बाप्पा मोरया!